वर उठलेला हात

अब्बासला पुढाऱ्यांची शिसारी यायचीच, पण त्यांच्या पुढे पुढे करणाऱ्यांची त्याहून जास्त. आणि मालेगावातला त्याचा फुटबॉल क्लब ज्यांच्या पैशावर चालायचा, ते मुझफ्फरशेठ तर पाहुणा दिसला की कमरेत असे वाकायचे, की बघणाऱ्यालाच लाज वाटावी. तौबा!

अब्बास यंत्रमाग दुरुस्त करायचा आणि शुक्रवारी माग बंद असले की मागावरच्याच कामगारांना खेळ शिकवायचा. बायको गेलेली, मुली सासरी; शुक्रवार सोडला तर त्याच्या आठवड्यात होतं काय?

त्याची पद्धत एकच, चढाई. चेंडू गेला म्हणून माघारी पळायचं नाही. समोरच्याच्या गोलाजवळच त्याच्या अंगावर धावून जायचं. तिघांनी चेंडूवाल्याला घेरायचं, मधल्यांनी पास अडवायचे, आणि बचावफळीनंही पार मध्यरेषेपर्यंत वर यायचं. समोरच्याला श्वास घेऊ द्यायचा नाही. मेख एवढीच, की सगळ्यांनी एकदम जायचं आणि वेळ बघून जायचं. अवेळी गेलं की पाठीमागे अख्खं मैदान मोकळं.

हे 'एकदम' त्यांना झकास जमायचं. मागांच्या खडखडाटात उमर गेलेली ही माणसं. हाका त्यांना ऐकूच यायच्या नाहीत. कारखान्यात सगळा कारभार हाताच्या खुणांवर. अब्बासनं तेच मैदानावर आणलं. तो मध्यरेषेपाशी, रेषेबाहेर उभा राहायचा. त्याचा उजवा हात वर गेला की सगळे सुटायचे. हात खाली आला की आपापल्या जागी.

शेठना हा खेळ कधी पटलाच नाही. "चेंडू लांब मारा, पुढे माझा भाचा आहे," एवढीच त्यांची अक्कल. नाशिकच्या संघाशी अंतिम सामना ठरला तेव्हा त्यांनी साफ सांगितलं, "अब्बास, हरलास तर संघ सोडायचा. माझा मेहुणा शिकवेल पुढे."

सामना एकेक गोलनं बरोबरीत आला. शेवटची चार-पाच मिनिटं राहिली होती, पोरं दमली होती, म्हणून अब्बासनं हात खाली घेऊन सगळ्यांना मागे थांबवलं. नेमके तेव्हाच साहेबांचे पाय मैदानाला लागले. शेठनी बोलावलेले प्रमुख पाहुणे, नाशिकहून आलेले पुढारी! दोन तास उशीर, तरी तोऱ्यात काही कमी नाही. शेठ हार घेऊन धावले, मागे फोटोवाला.

"सरक रे अब्बास, फोटोत येतोयस," म्हणत शेठनी त्याला ढकललंच. त्याच्या जागेवर पाहुणे उभे राहिले आणि लोकांना अभिवादन म्हणून त्यांनी उजवा हात उंच केला. फोटो निघेपर्यंत तसाच धरून ठेवला.

डोळ्याच्या कोपऱ्यातून पोरांना त्या जागेवर हात वर दिसला. झालं! सगळे सुटले, बचावफळीसकट. अब्बास घसा फाटेस्तोवर ओरडला, पण ओरडण्यावर ही माणसं कधी वळली होती? नाशिकवाल्यांनी एक लांब पास मोकळ्या मैदानात टाकला आणि गोल झाला. मैदानात एकच गलका उठला. तो आपल्यासाठीच आहे असं वाटून पाहुण्यांनी लोकांना नमस्कार केला. शी!

सामना हरल्यावर क्लबच्या खोलीत शेठ गरजले, "वर जायला कोणी सांगितलं?"

"तुमच्या पाहुण्यांनी," अब्बास म्हणाला. "माझ्या जागेवर उभं राहून हात वर केला त्यांनी. सगळ्यांनी बघितलंय."

"पाहुण्यांवर आळ घेतोस? हुजैफा, तू कप्तान. तू सांग."

हुजैफाला फुटबॉलला पाय कसा लावायचा इथपासून अब्बासनं शिकवलं होतं. तो ज्या मागावर उभा राहायचा तो मात्र शेठचा.

"हात उस्तादांचाच होता, शेठ," हुजैफा म्हणाला. बाकीच्यांनी माना हलवल्या.

अब्बास गळ्यातली शिट्टी टेबलावर टाकून निघाला. हुजैफा मागोमाग धावत आला. "उस्ताद, समजून घ्या. काम जाईल माझं. घरी लेकरं आहेत."

"ठाऊक आहे. थोडं अडखळला असतास तरी मी माफ केलं असतं," अब्बास म्हणाला. "शेठनी 'तू सांग' म्हणायच्या आत तुझं उत्तर तयार होतं. जा, आता त्या मेहुण्याला उस्ताद म्हण."