ओवीची शू आणि किटातले बूट

नागेश जर्मनीत र्युसेल्सहाइमला मोटारींचे ब्रेक तपासायच्या कामावर होता. कुठलंही काम हातात घेण्याआधी त्याबद्दल सगळं वाचून काढायचं, हा त्याचा स्वभाव. बायकोची, मैत्रेयीची, नवी नोकरी फ्रँकफर्टला सुरू झाली तेव्हा त्यानं तीन महिन्यांची एल्टर्नत्साइट घेतली; मुलांसाठी आईबापांना मिळणारी रजा. अडीच वर्षांची ओवी ऑगस्टपासून किटात, म्हणजे पाळणाघरात, जाणार होती. त्याआधी तिचं डायपर सोडवायचं, असं त्यानं ठरवलं.

लायब्ररीतून दोन पुस्तकं आणली. हिरवी पॉटी आली, डझनभर चड्ड्या आल्या, हॉलमधला गालिचा गुंडाळून ठेवला गेला. आठवडाभर पॉटी नुसतीच बाथरूममध्ये होती. ओवीनं तिच्यावर आधी कापडी ससा बसवला, मग ती स्वतः कपड्यांसकट बसली. पुस्तकात लिहिलं होतं, हे शुभलक्षण आहे.

पहिल्या दिवशी नागेशनं अकरा वेळा फरशी पुसली. दुसऱ्या दिवशी नऊ वेळा. तिसऱ्या दिवशी ओवी पॉटीवर दहा मिनिटं गप्पा मारत बसली, उठली, आणि सोफ्यावर जाऊन शू केली.

"ओवी! सांगायचं ना! किती वेळा सांगू तुला?"

आपला आवाज इतका चढू शकतो, हे त्याला माहीत नव्हतं. ओवी पडद्यामागे जाऊन उभी राहिली. संध्याकाळपर्यंत शू आली की ती पडद्यामागेच जायची, आणि ओली होऊन गुपचूप बाहेर यायची.

रात्री मैत्रेयी म्हणाली, "दोन दिवस राहू दे. काही बिघडत नाही."

त्यानं पुस्तकं परत केली. ओवीला पुन्हा डायपर घातलं. आठवडाभर पॉटीचा विषयच काढला नाही. मग एका सकाळी तो भाजी चिरत असताना ओवी स्वयंपाकघराच्या दारात आली. "बाबा, शू." तो सुरी टाकून धावला. त्या दिवशी जमलं. पुढच्या दिवसांतही, चुकतमाकत, जमत गेलं.

किटात मात्र रोज पिशवीतून ओले कपडे घरी यायला लागले. दुसऱ्या आठवड्यात तिथल्या बिर्गिटबाईंनी नागेशला थांबवलं. "तुम्ही म्हणता घरी जमतं, पण इथं ती सांगतच नाही. तिला सारखं बाहेर जायचं असतं. 'शू, शू' करते. आम्ही बूट घालून देतो, आणि सगळं त्या बुटातच होतं."

नागेशला समजायला क्षणभर लागला. जर्मनमध्ये शू म्हणजे बूट.

"ती सांगत होती," तो म्हणाला. "आमच्या भाषेत सांगत होती."

बिर्गिटबाईंनी कपाळाला हात लावला. मग त्या ओवीसमोर गुडघ्यांवर बसल्या. "एन्टशुल्डिगुंग, ओवी. तू बरोबर सांगत होतीस. मलाच कळलं नाही."

एवढ्याशा मुलीची कुणी इतक्या गंभीरपणे माफी मागताना नागेशनं कधी पाहिलं नव्हतं. त्यानं विचारलं, "तिला जर्मन शब्द शिकवू का?"

"नको. तिनं नुकताच एक शब्द पकडलाय. आम्ही पाचजणी तो शिकतो."

घरी जाताना वाटेतल्या बाकावर त्यानं ओवीला बसवलं. "सोफ्यावर शू झाली तेव्हा बाबा ओरडला ना? बाबाचं चुकलं." ओवी केळं खात होती. तिनं त्यातला एक तुकडा त्याला दिला.

त्या रविवारी त्यानं ही हकीकत आईला, कमलाबाईंना, उदगीरला फोन करून सांगितली. त्या खूप हसल्या. "मला तू कसं शिकवलंस गं?" त्यानं विचारलं.

"मी कुठली शिकवते? मी दिवसभर अंगणवाडीत. तुला क्षमानं शिकवलं. आठ वर्षांची होती."

ताईनं? हे त्याला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. त्यानं लगेच तिला फोन लावला.

"अरे, दोन्ही पायांवर बसवायची तुला," क्षमाताई म्हणाली. "पायांना मुंग्या यायच्या. तू उठून दुसरीकडेच घाण करायचास. मग मी ओरडायची, कधी एखादा धपाटाही द्यायची. मैत्रिणी बाहेर खेळायच्या ना. नंतर फार वाईट वाटायचं."

"मला काहीच आठवत नाही, ताई."

"बरंय की मग."

मग तिनं विचारलं, "ओवी काय करतेय?"

दिवाळीपर्यंत ओवीचं दिवसाचं डायपर सुटलं. रात्रीचं अजून आहे. किटात आता ती जर्मन मुलांसारखं पिपी म्हणते, आपणहून; घरी अजून तरी शू म्हणते. नागेश कामावर परत गेला. दर रविवारी तो आता आईनंतर ताईलाही फोन करतो.