उपग्रहाने पाहिलेली ज्वारी

नव्वदच्या दशकाच्या आरंभी मी धुळ्याच्या एका महाविद्यालयात भूगोल शिकवीत होतो. उपग्रहाने टिपलेली चित्रे तेव्हा आमच्याकडे पाठ्यपुस्तकापुरती असत, तीही काळी-पांढरी. त्यामुळे मुंबईची एक सत्यशोधन समिती असे रंगीत चित्र लांब नळकांड्यात घालून घेऊन आली, तेव्हा ते वाचण्यासाठी मला बोलावणे आले.

प्रकरण साधे होते. सातपुड्याच्या पायथ्याशी एका पाड्यावरील घरे एका जंगल अधिकाऱ्याने उन्हाळ्यात माणसे पाठवून जाळली होती. तिथे कोणी राहतच नव्हते, असे त्याचे म्हणणे. पाड्यातील एक म्हातारा पावरा आदिवासी शेतकरी, पेरणीपूर्वी जमीन परत मिळावी म्हणून, धुळ्याला खेटे घालीत होता. त्याच्या ज्वारीच्या शेतात आता साग लावायचे ठरले होते.

समितीचे वकील उत्साही गृहस्थ होते. सरकारी कचेरीतल्या सुनावणीत त्यांनी चित्र टेबलावर पसरले आणि त्यातील लाल रंगावर बोट ठेवले.

"ही पाहा आग. आकाशातूनसुद्धा दिसते आहे."

मी म्हणालो, "ही आग नव्हे. अशा चित्रांत हिरवळ लाल दाखवतात. शिवाय हे चित्र जाळपोळीच्या आदल्या पावसाळ्यातले आहे."

जंगल अधिकाऱ्याला मी एकाएकी आवडू लागलो. "म्हणजे घनदाट जंगल. सर, एवढे लेखी द्या."

उभी ज्वारीही लालच दिसते, हे मी सांगितले. पावऱ्यांची घरे गवताने शाकारलेली, ज्याच्या त्याच्या शेतात, एकमेकांपासून दूर असतात. चित्रात गावठाण शोधणे व्यर्थ आहे, हेही सांगितले. ते कोणालाच लेखी नको होते.

"ज्वारी की जंगल, नक्की सांगा," सुनावणी घेणारे साहेब म्हणाले.

"जाऊन पाहावे लागेल."

"जायचेच होते, तर चित्र कशाला आणले?"

त्या दिवसातला हा एकमेव शहाणा प्रश्न. जायला अर्थात कोणी उठले नाही. पुढील वर्षीचे चित्र मागवावे आणि तोवर जमीन जंगल खात्याकडेच राहावी, असा निर्णय झाला.

म्हातारा व्हरांड्यात बसला होता.

"गुरुजी, इतला वरथीन फोटू काढा, तरी मनं घर दखास नही?"

"नाही दिसत, आबा."

"बठ्ठं जंगल शे म्हनतस त्या. मंग मी कोन, वाघ?"

वकिलांनी ते वाक्य टिपून घेतले. अहवालात ते शोभून दिसले.

साग लागला. काही रोपे उन्हाने गेली, उरलेली शेळ्यांनी संपवली. पुढच्या पावसाळ्यात म्हाताऱ्याने कोणाला न विचारता ज्वारी पेरली. यथावकाश नवे चित्र आले. त्या जागी ठसठशीत लाल रंग होता. अधिकाऱ्याने उपग्रहाचा हवाला देऊन लागवड यशस्वी झाल्याचे वर कळवले. त्याचे कौतुक झाले. आता तिथे ज्वारी आहे असे म्हणणे त्यालाच परवडणारे नव्हते, म्हणून म्हाताऱ्याला पुन्हा कोणी उठवले नाही.

घरे जाळल्याचा जाब कोणाला विचारला गेला नाही. जमीनही म्हाताऱ्याच्या नावावर झाली नाही. सरकारदरबारी नोंदलेला साग मात्र तो दर हिवाळ्यात कापी, मळणी करी आणि त्याच्या भाकरी खाई.