पंखांविषयीचं पत्र

पनवेलच्या एसटी स्टँडमागे आमच्या आळीतल्या एका काकांचं स्कूटर दुरुस्तीचं गॅरेज होतं. त्याआधी वीस वर्षं ते हवाई दलात मालवाहू विमानांचे फिटर होते. गाडी आली की ते आधी इंजिनाकडे बघत नसत. डोळे मिटून सांध्यांवरून अंगठ्याचं नख फिरवत. गिऱ्हाईक कुरकुरलं की म्हणत, "तुमी चहा पिऊन या. तुमच्या घाईत मला चीर गावत नाय."

हवाई दलातली ती जुनी विमानं मोडीत काढायची की त्यांना नवी इंजिनं बसवायची, यावर तेव्हा वरती खल चालला होता. त्यांच्या जुन्या साहेबांनी पत्राने त्यांचं मत विचारलं. उत्तर इंग्रजीत लिहायला त्यांनी मला बोलावलं. आमच्या आळीतला पहिला बी.ए. मीच.

त्यांचा मुलगा, माझा शाळेतला दोस्त, त्याच विमानांतून उडायच्या नोकरीवर होता. शेजारचा चहावाला म्हणाला, "काका, मोडीत काढा म्हणून लिवा. पोरगा तरी खाली उतरल."

"पंख चांगले हायत. पोरासाठी खोटं लिवू?"

त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं: इंजिनं बदला, विमानं अजून उडतील. शेवटी माझ्या पदरचं एक वाक्य जोडलं, ही विमानं पूर्ण सुरक्षित आहेत. वाचून दाखवताच त्यांनी ते खोडायला लावलं.

"हे मी बोललो नाय. दुरुस्त होतील, एवढंच बोललो."

मग रॉकेलने हात धुऊन त्यांनी सही केली आणि पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं. पेटीपाशी गेलो की दोस्त आठवायचा; ते दोन दिवस माझ्या खिशातच राहिलं.