जनरल डोंग्यातून आले

आमच्या गावात येऊन जनरलचं घर विचारा, शेंबडं पोरही तलावाच्या पाळीकडे, म्हणजे बांधाकडे, बोट दाखवील. तिथं आपल्या डोंग्याला, म्हणजे छोट्या होडीला, टेकून बाबुलाल जाळं दुरुस्त करत बसलेला असतो. मासोळी धरायची आणि अड्याळच्या बाजारात विकायची, हा त्याचा धंदा. जिल्ह्याबाहेर कधी गेला नाही, पण दर मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या आमच्या गावजत्रेत, तो आफ्रिकेत लढून येतो.

त्याचं असं झालं, की भय्याजी मास्तरांनी कुठंतरी आफ्रिकेतल्या बोअर शेतकऱ्यांच्या इंग्रजांशी झालेल्या युद्धाबद्दल वाचलं आणि नाटक रचलं. त्यातला सेनापती मनानेच घडवला. साधा शेतकरी, लढणाऱ्यांनी आपल्यातूनच निवडलेला. इंग्रजांना रानोमाळ दमवतो, भरल्या नदीतून निसटतो, आणि शेवटी हरून, तहावर सही करून पुन्हा नांगराला जातो. दाढी तेवढी बाबुलालची स्वतःची. तरुणपणी या पार्टासाठी वाढवली, ती आजवर उतरवली नाही.

यंदा नाटकमंडळाला हुक्की आली. बांबूचा घोडा नको, खरी घोडी आणू! भंडाऱ्याहून वरातीची घोडी ठरली आणि जनरलचा चेहरा उतरला. तलावात मासोळीगत पोहणारा हा वीर घोड्याला भितो, हे फक्त मला आणि त्याच्या बायकोला, रेवताबाईला ठाऊक. स्वतःच्या वरातीत हा नवरदेव पायी चालला होता. लोकांना वाटलं, काय साधेपणा!

नाही म्हणावं, तर पार्ट लिलाधर किराणावाल्याकडे जाणार. तो कधीचा टपून बसलेला.

"मले नाई जमत गा," बाबुलाल माझ्या कानाशी लागला. "पन तो लिल्या जनरल झाला, तं मी तोंड कुठं लपवू?"

"एवढी दाढी कायले ठेवली मंग?" मी म्हटलं.

तालमीच्या दुपारी घोडी पाळीवर आली. बाबुलाल जवळ गेला, खोगिराला हात लावून परत आला. पुन्हा गेला, पुन्हा आला.

"काहून भेऊन राहिले, जनरलसाहेब?" लिलाधर हसला. "सरका, मी दाखवतो!" आणि चढला की ऐटीत.

बँडवाल्यांना वाटलं, तालीम सुरू झाली. त्यांनी रणवाद्य ठोकलं. घोडीचा सारा जन्म वरातीत गेलेला. ढोल ऐकताच ती ठुमकायला लागली. लिलाधर तिच्या मानेला मिठी मारून ओरडतोय, "अवो माय! ढोल थांबवा गा!" पोरं मोबाइल काढून शूटिंग करताहेत, बायका हसून हसून खाली बसल्या.

उतरल्यावर त्यानं हात जोडले. "मले नोको तो पार्ट."

मास्तर डोकं धरून बसले. खऱ्या घोडीची दवंडी पिटून झाली होती; आता बांबूच्या घोड्यावरून सेनापती आणावा कसा?

"मास्तर," रेवताबाई पदर सावरत म्हणाली, "तुमचा जनरल नदीतून निसटला ना? मंग पान्यातूनच येऊ द्या. तलाव आहे, आमचा डोंगा आहे. घोडी कायले पायजे?"

बाबुलालनं असा श्वास सोडला, की मला वाटलं, पाळीवरचे बगळे उडतील.

मंडईच्या दिवशी सूर्य बुडता बुडता डोंगा आला. हातात बांबू, दाढी वाऱ्यावर, जनरल ताठ उभे. टाळ्याच टाळ्या पडल्या, त्यात लिलाधरच्याही होत्या; मी पाहिलं.

शेवटी तहाचा प्रवेश. इथं सेनापतीनं रडायचं असतं, आणि बाबुलाल दरवर्षी रडतोही. यंदा मात्र जनरलसाहेब दात काढून सही करत होते. पडद्याआडून मास्तर डोळे वटारत होते.

"पाहा ना भाऊजी," पुढच्या रांगेतून रेवताबाई मला म्हणाली, "लढाई हरलेला मानूस असा हासते का?"