कालवांचा डोहाळा

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. मला जन्म दिलेल्या बयला नाही, पाठच्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा एवढी एक गोष्ट बाजूला ठेवते आणि मगच डोळे मिटते – त्याला काय ते ठाऊक असेलच म्हणून. तुम्ही माझे कोण लागता? कोणी नाही. म्हणून तर तुमच्यापुढे तोंड उघडायला धजतेय. आणि तरी बघा, आधी इकडचं-तिकडचंच सांगत बसणार आहे.

माझं माहेर पेणच्या आतल्या अंगाला, डोंगराच्या कुशीत. भातशेतीचं घर, माणसांनी भरलेलं. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो लग्न होऊन थळच्या बाजूला सासरी आले तेव्हा. स्वातंत्र्य मिळून दोनेक वर्षं झाली असतील. घरात माणसं तीनच – मी, माझा नवरा आणि माझी सासू. त्यातला नवरा मुंबईला गोदीत. तो शिमग्याला यायचा, गणपतीला यायचा आणि रेवसच्या लाँचीत बसून परत जायचा. उरलो आम्ही दोघी.

सासूला मी आई म्हणायचे. आई तरुणपणीच विधवा झालेल्या. अंगानं काटक, आणि बोलायचं म्हणजे जणू पदरचं काही जातंय. सकाळी उठल्यापासून हाताला काम आणि तोंडाला कुलूप. वाईट होत्या का? नाही हो. मला कधी टाकून बोलल्या नाहीत. पण कधी चार शब्द आपणहून बोलल्याही नाहीत, आणि मी आलेली बडबड्या घरातून. दिवस कलला की पडवीत बसून मी समुद्राचा आवाज ऐकायची, आत त्या भात पाखडायच्या. एका छपराखाली दोघी एकएकट्या.

त्यात मला दिवस गेले.

बायका म्हणतात, पहिलं असलं की असं होतं. मला मात्र वाटायचं, असं कोणालाच झालं नसेल. तिसरा गेला, चौथा गेला, तरी उलट्या थांबेनात. भाताला उकळी आली की पोटात ढवळायचं. माळ्यावर सुके बोंबील ठेवलेले, त्यांचा वास अंगाला, केसांना, घोटभर पाण्यालासुद्धा. छातीत जळजळ, पोटऱ्यांत गोळे. पाय एवढे सुजले की जोडवी रुतायला लागली. शेवटी साबण लावून ती काढली आणि पदराच्या गाठीत बांधली – त्या दिवशी मी किती रडले! जोडव्यांसाठी नाही. पाय माझे राहिले नाहीत, असं वाटून. आणि भीती! आमच्याच आळीतली एक बाळंतपणात गेली होती, त्याला वर्षही झालं नव्हतं. विहिरीवर जाताना तिचं दार लागायचं. मी रोज त्या दारासमोरून जायचे आणि रोज मनात म्हणायचे, आता माझी पाळी. हे कोणाला सांगायचं? आईंना? त्या भात पाखडत होत्या.

आता डोहाळ्यांचं सांगते. आमच्याकडे पोटुशी बाईला जे खावंसं वाटेल ते द्यायचंच. नाही दिलं तर जन्माला येणाऱ्या पोराची लाळ गळत राहते, असं सगळे मानायचे. डोहाळा मोडणं म्हणजे पापच. शेजारच्या गोदालाही माझ्याबरोबरच दिवस गेले होते. तिचे डोहाळे काय विचारू नका – आज करवंदाचं लोणचं, उद्या अमक्याच झाडाचा पेरू, परवा चुलीतली भाजकी माती. तिचा नवरा, सासू, दीर, सगळे धावतायत. ती विहिरीवर येऊन लाडात सांगायची, आणि बायका हसत हसत माझ्याकडे वळायच्या – "आन् तुला गो, काय खावंसं वाटतं?"

मला काहीच खावंसं वाटत नव्हतं. खरंच काही नाही. नुसती शिसारी.

आईंनी एकदा विचारलं होतं, नाही असं नाही. सुरुवातीलाच. "सुभद्रे, काय पायजे काय तुला?" मी म्हणाले, काय नको. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा कधी विचारलं नाही. मी 'नको' म्हटलं, त्यांनी 'नको' ऐकलं. यात त्यांचा काय दोष? पण मी ते मनात धरून बसले. पुन्हा विचारायला काय झालं होतं? एकदाच विचारतात का कोणी? अशी मी स्वतःशीच भांडत राहायची, आणि पोटातलं पोर लाथा मारायचं.

गणपतीला नवरा येणार म्हणून मी दिवस ढकलत होते. सहावा लागला होता. घर सारवलं, केसांना तेल लावलं, सुजल्या पायांनी दोनदा फाट्यापर्यंत जाऊन आले. गणपती आले, गेले, तो आला नाही. अनंत चतुर्दशी झाल्यावर गावातला एकजण मुंबईहून आला, त्यानं निरोप सांगितला – गोदीत बोटी लागल्यात, रजा मिळाली नाही. मी दाराला टेकून उभी होते. आईंनी ऐकून घेतलं, त्याला पाणी दिलं, तो गेल्यावर सूप उचललं आणि म्हणाल्या, "येल शिमग्याला."

शिमग्याला! तोवर मी बाळंत होऊन जगले असते की मेले असते, कोणास ठाऊक. आणि या बाईचा हातसुद्धा थांबला नाही. त्या वेळी मला जो राग आला, तसा त्याआधी आला नव्हता, पुढेही कधी आला नाही. राग नवऱ्यावर यायला हवा होता. पण तो मुंबईत. समोर होत्या त्या आई.

मी म्हणाले, "मला कालवं खावीशी वाटतात."

आता नीट ऐका. कालवं मी उभ्या जन्मात दोनदा चाखली होती, आणि दोन्ही वेळा ती घशाखाली उतरली नव्हती. कालवं म्हणजे समुद्रातल्या खडकाला चिकटलेली शिंपली. ओहोटीला खडकावर जायचं, लोखंडी कोयतीनं शिंपला फोडायचा आणि आतला गोळा काढायचा. शिंपल्याची धार वस्तऱ्यासारखी. आणि पावसाळ्यात त्या खडकावर बोट बोट शेवाळ धरतं. दसरा झाल्याशिवाय आमच्या गावची एकही बाई तिकडे पाऊल टाकत नसे. हे मला ठाऊक होतं – नुसतं ठाऊक नव्हतं, म्हणूनच मी कालवं म्हटलं. विचार करून म्हटलं. पेरू मागितला असता तर त्या घेऊन आल्या असत्या.

मला कालवं नको होती. मला नकार हवा होता. त्या नाही म्हणतील, म्हणजे मला रडता येईल. विहिरीवर सांगता येईल – माझा एकच डोहाळा होता, तोही सासूनं मोडला. नवऱ्याला निरोप धाडता येईल. हक्कानं दुःखी होता येईल, दुसरं काय!

आईंनी सूप खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "बरं." आणि आढ्याला खोचलेली कोयती काढली.

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं ना? पुनवेची मोठी ओहोटी होती, दुपार कलली होती, पाणी आत गेलं होतं. त्यांनी लुगड्याचा काचा मारला, टोपलीत डबा टाकला आणि निघाल्या. मी पडवीत होते. 'राहू द्या आई' एवढे तीन शब्द. ते माझ्या ओठांवर आले होते, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. खोटं आहे ते. माझ्या मनात आलं होतं – बघू या, जातात का.

त्या परतल्या दिवेलागणीला. कमरेपर्यंत भिजलेल्या. एका पायाला लुगड्याचा धडपा गुंडाळलेला, तो लालभडक झालेला. "घसरला पाय," म्हणाल्या, बस्स. पायाला हळद-चुना लावला आणि चुलीपुढे बसून स्वतःच्या हातानं कालवं शिजवली, चिंच-खोबरं घालून. वाढताना म्हणाल्या, "थोडीच गावली." आणि समोर बसून राहिल्या, मी खाते कशी ते बघायला. मी दोन घास गिळले. म्हणाले, छान झालीत. मग वाडगा घेऊन परसात गेले आणि सगळं मांजरीपुढे ओतलं. परत येऊन रिकामा वाडगा त्यांना दाखवला. त्या हसल्या. मी त्या घरात आल्यापासून त्यांना हसताना प्रथमच पाहिलं.

पाय चिघळला. आधी सूज, मग ताप, मग बोटं काळी पडायला लागली. पाला बांधून झाला, अंगारा लावून झाला. शेवटी बैलगाडीत घालून अलिबागला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. गुडघ्याखाली पाय कापावा लागला.

वाटलं असेल तुम्हाला, कबुली हीच. मलाही वाटायचं. पण अजून एक राहिलंय, आणि खरं सांगू? ते सांगायलाच मी बसलेय.

नवऱ्याला तार केली होती. मी दवाखान्याच्या पायरीवर बसले होते. आत त्याची आई पाय नसलेली निजली होती. फाटकातून तो येताना दिसला – हातात पिशवी, चेहरा उतरलेला – आणि मला आनंद झाला. तो आला! गणपतीला आला नाही, शिमग्याला येणार होता, तो आज आला. माझ्या आतलं पोर उसळलं, आणि मी पायरीवरून उठताना हसत होते. त्यानं माझं हसू पाहिलं की नाही, मला ठाऊक नाही. मी तोंडाला पदर लावला. लोकांना वाटलं, रडतेय.

तो आठवडाभर राहिला. सांगू नये, पण त्या अख्ख्या गरोदरपणातले माझे तेवढेच सुखाचे दिवस.

मग बय येऊन मला माहेरी घेऊन गेली. मी मागे वळूनही पाहिलं नाही. मुलगा झाला. तीन महिन्यांचं पोर घेऊन परत आले तेव्हा आई पडवीत कुबडी शेजारी ठेवून बसल्या होत्या. त्यांनी पोराला मांडीवर घेतलं, त्याच्या ओठांवरून, हनुवटीवरून बोट फिरवलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "बघ, कोरडं हाय. लाळ न्हाय गळत." गोदाच्या पोरीची गळत होती. सगळे डोहाळे पुरवून गळत होती! हसावं की रडावं?

आणि त्या दिवसापासून त्या बोलायला लागल्या. येईल-जाईल त्याला सांगायच्या – सुनेला कालवांचा डोहाळा लागला होता, पावसाळ्याचे दिवस, खडक निसरडा, पण मी गेले. पोरगा मोठा झाल्यावर त्यालाही गोष्टीसारखं सांगायच्या. गावात त्यांचं नाव झालं. आणि माझंही. लग्न ठरलेल्या मुलींना बायका म्हणायच्या, सासू मिळावी तर सुभद्रेला मिळाली तशी. मी मान खाली घालायची. लोकांना तो विनय वाटायचा. दुसऱ्या खेपेला मला दिवस गेले तेव्हा खूप आंबट खावंसं वाटत होतं, अगदी जीव जायचा. मी कोणालाही सांगितलं नाही. त्यानं काय होतंय? पाय थोडाच परत येतो.

आई गेल्या त्याला आता वर्ष होईल. शेवटी शेवटी मीच त्यांचं सगळं करत होते. जाण्याआधी दोन-चार दिवस, दुपारी, घरात आम्ही दोघीच असताना त्या आपणहून म्हणाल्या, "सुभद्रे, माझी पोरं झाली – एक वाचला, दोन गेली. मला कुनी कंदी इचारलं न्हाय काय पायजे. मीबी बोलले न्हाय. तुला इचारलं तर तू काय नको म्हनलीस. मला वाटलं, ही पन माझ्यावानी मुकीच मरनार. मंग तू मागितलंस. लय बरं वाटलं गो मला."

मी त्यांच्याजवळच बसले होते. दार उघडं होतं, पण बाहेर कोणी नव्हतं. सांगता आलं असतं.

त्यांच्या जिवाला लागू नये म्हणून मी गप्प राहिले, असं सांगितलं की बरं दिसेल. तसं नव्हतं. खरं ऐकल्यावर त्या माझ्याकडे कशा बघतील, ते मला बघायचं नव्हतं. मी म्हणाले, "फार गोड लागली होती, आई." त्यांनी माझा हात धरला. मी तो धरू दिला.