पुंजाभाईंनी धूप उचलला

"पुंजाभाई, सकाळपासून किती झाले?"

"अकरा, बेन."

"अहो, नको म्हणावं!"

"म्हणतोच की. पण माझं म्हणून होईपर्यंत ते ओतून मोकळे होतात. आणि ओतलेला चहा परत किटलीत कसा घालायचा?"

पुंजाभाई परमार आमच्या जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, मारकी म्हैस मी सुई टोचेपर्यंत गोडीगुलाबीने उभी ठेवायची. काठियावाडातल्या पांचाळ भागातली साठ-पासष्ट गावं आमच्याकडे, आणि गाडी गावात शिरली की दर अंगणात चहा. चहाला नाही म्हणणं त्यांना जमायचं नाही. चहालाच काय, कशालाच नाही.

त्यांच्या वडिलांनी जन्मभर दरबारांच्या, म्हणजे गावोगावच्या जमीनदारांच्या, अंगणांतून मेलेली जनावरं ओढून नेली होती. पुंजाभाई त्याच अंगणांत जिवंत जनावरांसाठी जायचे. बसायचे मात्र उंबऱ्याबाहेर. त्यांची कपबशी गोठ्याच्या कोनाड्यात पालथी ठेवलेली असायची. ती ते स्वतः काढायचे, पिऊन झाल्यावर स्वतः विसळायचे. सात वर्षांच्या नोकरीत यावर आमचं एकदाच बोलणं झालं.

"बेन, तुम्ही औषध बघा," ते म्हणाले. "कोनाडा मी बघतो."

ऑक्सिजनचं यंत्र आलं तेव्हा त्यांनी ते स्वतःच्या ताब्यात घेतलं. आधी आमच्याकडे एक सिलिंडर होता. वर्षापूर्वी एका वासराला लावला आणि अर्ध्या तासात संपला. भरून आणायला राजकोट गाठावं लागायचं, तेवढी उसंत वासराला नव्हती. हे यंत्र म्हणजे चाकांवरची पेटी. भोवतालची हवा ओढायची, त्यातला ऑक्सिजन वेगळा काढून नळीतून द्यायचा. विजेचा प्लग असला की दिवसचे दिवस चालायची. पुंजाभाई नळीचं टोक पाण्याच्या पेल्यात बुडवून बुडबुडे बघायचे, मागची जाळी रोज धुवायचे आणि आपल्या टॉवेलने टिपायचे. त्या टॉवेलला दुसरं कुणी हात लावलेला त्यांना खपायचा नाही.

होळीनंतरची गोष्ट. सकाळी आठला खडवाण्याहून कमरीबांचा फोन आला. कमरीबा काठी जातीच्या दरबारांच्या घरातल्या, विधवा. वीस वर्षं घोड्यांचा तबेला एकट्या सांभाळत होत्या. मुलं शहरात गेली, एकेक घोडा विकला गेला, उरली एक म्हातारी घोडी. तिचं नाव ढेल, म्हणजे लांडोर. काठियावाडी घोड्यांचं कूळ आईकडून मोजतात. या कुळाची त्या घरात ही शेवटची, आणि आजवर तिला सगळे नरच झाले होते.

"डॉक्टर, ढेल व्याली. पंचवीस दिवस आधीच. मादी आहे." त्यांचा आवाज सरळ होता. "श्वास धरत नाहीये."

मी तिथून तासाभराच्या वाटेवर, आडव्या आलेल्या वासरात कोपरापर्यंत हात घालून उभी. पुंजाभाई यंत्र घेऊन पुढे गेले. शिंगराच्या नाकपुडीत मऊ नळी कशी सारायची हे त्यांना माझ्याइतकंच येत होतं.

साडेनवाला त्यांचा फोन आला.

"लावलंय, बेन. कान लोंबतायत, अंगावर नुसती रेशमासारखी लव. पण जिभेचा निळेपणा उतरलाय. छातीवर बसवून ठेवलंय, कुशीवर पडू देत नाही."

"शाबास. यंत्रावरचा दिवा?"

"हिरवा."

वीस मिनिटांनी पुन्हा फोन.

"बेन, दिवा पिवळा झालाय. जीभ पुन्हा काळवंडतेय."

"जाळी?"

"सकाळीच धुतलीय."

"बुडबुडे?"

"येतात, पण मरगळलेले."

वासराचा पाय माझ्या हातात आला होता. तो सोडवत नव्हता आणि पुंजाभाईंचा आवाजही. फोनमधून कुणीतरी खोकल्याचं ऐकू आलं. मग पुंजाभाई खोकले.

"पुंजाभाई, तिथे काही जळतंय का?"

ते पुन्हा खोकले.

"पुंजाभाई?"

"कमरीबा धूप देतायत."

त्या घराची रीत होती. तबेल्यात नवा जीव आला की सूर्यनारायणाच्या देवळीतलं पितळी धुपाटणं यायचं, निखाऱ्यांवर गुगुळ पडायचा, आणि सूर्य डोक्यावर येईपर्यंत धूर तुटू द्यायचा नाही. नजर लागू नये म्हणून तबेल्याचं दार लोटलेलं. आत धूर कोंडलेला आणि ते यंत्र तोच धूर ओढत होतं.

"किती वेळ चाललंय?"

"मी आलो तेव्हापासून."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"मी इथे कसं बोलू, बेन?" ते इतक्या हळू म्हणाले की मला वासराच्या मालकाला हाताने गप्प करावं लागलं.

चूक झाली होती ती त्यांना कळली होती. ऑक्सिजनजवळ निखारा नको, धूर नको, हे इतर गावांत तेच लोकांना सांगायचे. पण इतर गावांत विडी विझवायला सांगणं वेगळं आणि कमरीबांच्या हातातलं धुपाटणं वेगळं.

"फोन बांना द्या. मी सांगते."

मग ते म्हणाले, "नको, बेन. इथे उभा मी आहे."

फोन त्यांनी बंद केला नाही, खिशात टाकला. त्यामुळे पुढचं मी ऐकलं.

"बा, धूप बाहेर न्यायला पाहिजे."

"काय म्हणालास?"

"हे यंत्र धूर पितं. आत दुसरं काही साठवलेलं नाही त्याच्यात. जी हवा आपण देऊ तीच ते शिंगराला देतं."

"पुंजा, या तबेल्यात चाळीस शिंगरं जन्मली. एकालाही बिनधुपाचं ठेवलं नाही. तू आज मला शिकवणार?"

"ती चाळीस पुऱ्या दिवसांची होती, बा."

"आणि नजर? तिला नजर लागली तर?"

"लागू दे. नजर लागायला ती आधी जगली तर पाहिजे!"

यानंतर पितळ खणकन वाजलं. दार उघडल्याचा करकराट झाला. कमरीबा ओरडल्या, "ए! हात नको लावूस!" आणि फोन तुटला.

मी पोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते. धुपाटणं बाहेर कडुनिंबाखाली होतं, निखाऱ्यांवर माती टाकलेली. पुंजाभाईंच्या उजव्या हाताला फोड आले होते. दार सताड उघडं. जाळी पुन्हा धुतलेली. दिवा हिरवा.

शिंगराच्या एका बाजूला पुंजाभाई मांडी घालून बसले होते, दुसऱ्या बाजूला कमरीबा, त्याच पेंढ्यावर. दोघांच्या गुडघ्यांमध्ये त्या पोरीची छाती टेकवलेली. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

"जगेल?" बांनी मला विचारलं.

"फुप्फुसं कच्ची आहेत. संध्याकाळपर्यंत मी काहीच सांगू शकत नाही."

"धुराने किती नुकसान झालं?"

पुंजाभाईंनी मान खाली घातली.

"ते मोजता येत नाही, बा," मी म्हणाले.

"मोजता येत असतं तर माझ्याच नावावर घाला," त्या म्हणाल्या. "हा सांगत होता."

"मी उशिरा सांगितलं," पुंजाभाई म्हणाले.

"हो. उशिराच सांगितलंस." त्यांनी शिंगराचा लोंबता कान सरळ धरला. "आता पाय आखडले असतील तर जागा बदल. मी धरते."

दुपारभर आम्ही असे बसलो. ढेल दोरीला ताण देऊन मान पुढे करायची, लेकीला हुंगायची, मागे व्हायची. दर तासाला तिचं दूध काढून मी नळीने शिंगराच्या पोटात घालत होते. चारच्या सुमाराला पुंजाभाईंनी डाव्या हाताचं बोट शिंगराच्या तोंडात घातलं. किती तरी वेळ काहीच नाही. मग ते एकदम ताठ बसले.

"ओढतंय."

"खरं सांग," बा म्हणाल्या.

"बा, बोट ओढतंय! तुम्हीच बघा."

त्यांनी बोट काढलं, कमरीबांनी आपलं घातलं. मग त्या पदरात तोंड घालून हमसून रडल्या आणि आम्ही दोघांनी ढेलकडे बघत बसायचं ठरवलं.

यंत्र पाच दिवस तिथेच राहिलं. सहाव्या दिवशी शिंगरू आपल्या पायांवर, धडपडत, आईखाली गेलं.

महिन्याने टोचणीला गेलो तर देवळीत नवंकोरं धुपाटणं होतं. पुंजाभाईंचा हात लागलेलं जुनं कडुनिंबाखालीच, मातीत अर्धं रुतलेलं. पुंजाभाईंची कपबशी कोनाड्यातच. मला राग आवरेना.

"पाहिलंत ना?" परतताना मी म्हणाले.

"पाहिलं. दुखलं." त्यांनी गियर टाकला. "पण बेन, त्या दिवशी मी तोंड शिवून बसलो होतो, ते त्याहून जास्त दुखतं."

पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या दरबारांकडे असंच अपुऱ्या दिवसांचं शिंगरू. अंगणात धूप पेटलेला, तबेल्याचं दार लोटलेलं. मी पिशवी काढेपर्यंत पुंजाभाई यंत्र उतरवून उंबऱ्यासमोर उभे.

"बापू, आधी धूप विझवा. मगच हे आत येईल."

बापूंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "आता ड्रेसर हुकूम सोडणार होय?"

"हो, बापू," पुंजाभाई म्हणाले. कुणीतरी चहाची किटली त्यांच्यापुढे केली होती. "चहा नंतर. आधी धूप."