कारभारणीची भाकर

आमची कारभारीण रोज सकाळी एकच प्रश्न विचारायची आणि त्याचं उत्तर कधीच ऐकायची नाही. मी गोठ्यातून हात-पाय धुऊन आलो की चुलीपुढून मान वळवायची. "आज दुपारला काय करू?" मी म्हणायचो, "कर वांगं." दुपारी ताटात घोळीची भाजी. मी म्हणायचो, "कर काहीबी." तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सत्तेचाळीस वर्षं विचारलं. ऐकायचंच नव्हतं तर विचारत कशाला होती, हे मला अजून कळलेलं नाही.

आमच्याकडं घरातल्या बाईचं नाव घेत नाहीत, कारभारीण म्हणतात. मी चौथी शिकलेला माणूस, शब्दाचा अर्थ बघत बसलो नाही. कारभार माझ्याकडं आहे असंच धरून चालत होतो. रानात काय पेरायचं, कापूस कुठं घालायचा, पोराला कुठं शिकायला ठेवायचं, सगळं मी ठरवलं. दुपारच्या ताटात काय यायचं एवढंच तिच्याकडं होतं. ती गेल्यावर बघतो तर बाकीचं सगळं माझ्याशिवाय चाललं आहे. रान बटईनं दिलंय, पोरगा पुण्यात नोकरीला आहे. अडलं आहे ते फक्त ताट.

तिचा भाकरीचा हात मंद होता. निदान माझ्यापुरता. मी जेवायला बसलो की आधी भाजी यायची, वाटीत मटकीची नाही तर हुलग्याची उसळ यायची, बाजूला मुळा, गाजर, काकडी, जे असेल ते यायचं. भाकर काही यायची नाही. मी ओरडायचो, "आगं भाकर दे ना!" ती म्हणायची, "येऊन राह्यली. तवर ते खा." मी रागारागात वाटीभर उसळ आणि अख्खा मुळा खाऊन टाकायचो. भाकर येईपर्यंत पोट निम्मं भरलेलं असायचं, दोन भाकरीत उठायचो. पण सोंगणीला दहा बाया असल्या की हीच बाई तासाभरात पंचवीस भाकरी थापून, फडक्यात बांधून रानात हजर. हे मला आता आठवतं. जेवताना कधी डोक्यात आलं नाही.

ताटात एक तरी कच्ची वस्तू पाहिजे असा तिचा हट्ट होता. काही नसलं तर मेथीच्या चार काड्या आणि कांदा. मी म्हणायचो, "मी काय शेळी हाय का?" ती म्हणायची, "दात हायेत तवर त्यायला काम द्या. रिकामे राह्यले की पडत्यात." बांधावरून येताना तिचा ओचा कधी रिकामा नसायचा. तांदुळजा, पाथरी, शेवग्याचा पाला. आज केलेली भाजी उद्या करायची नाही. कारळाची चटणी संपली की जवसाची. आणि शेवटी ताक, नको म्हटलं तरी. तिनं कधी कुठं लिहून ठेवलं नाही, कुणाला विचारलं नाही. कसं लक्षात राहायचं देव जाणे.

मी जेवणाला नावं ठेवणारा माणूस होतो, खोटं कशाला बोलू. ताट पुढं आलं की पहिला प्रश्न, "हे काय केलं?" त्यावर तिचं ठरलेलं उत्तर असायचं, "आधी खा, मंग इचारा." खाऊन झालं की मी हात धुवायचो, टॉवेल खांद्यावर टाकायचो आणि पारावर जायचो.

अकरा वर्षांमागं मी आजारी पडलो. रानात चक्कर आली, पायात ताकद राहिली नाही. जालन्याच्या डॉक्टरनं तपासलं आणि सांगितलं, बाबा, अंगात काही राहिलं नाही, नुसती भाकर-ठेचा खाऊ नका, डाळी-कडधान्यं वाढवा. त्याच दिवसांत गावातल्या बायांच्या बचत गटात कुणी बाई आली होती, तिनं सोयाबीनचे पदार्थ करून दाखवले. कारभारणीनं दुसऱ्या दिवशी दुपारी सोयाबीनचे वडे केले. मी एक घास घेतला आणि ताट सरकवलं. "हे ढोराला घाल," म्हणालो. आम्ही सोयाबीन पिकवणारी माणसं. पोत्यात भरायचं, जीपमध्ये घालायचं, आडतीवर न्यायचं. ती काय खायची चीज आहे? तिनं वडे उचलून घेतले. सोयाबीनचं नाव त्यानंतर घरात निघालं नाही. मी मात्र हळूहळू सुधारलो, पुन्हा बैलामागं चालायला लागलो. पारावर बसून सांगायचो, "सोयाबीनचा एक दाणा तोंडात घातला न्हाई मी, तरी बघा कसा खडा हाय." लोक हसायचे. मला वाटायचं, त्यांना पटतंय.

मागच्या संक्रांतीनंतर ती गेली. सकाळी तीळ निवडत होती, छातीत कळ आली म्हणाली. जालन्याला नेलं, तिसऱ्या दिवशी परत आणली ती तशीच. त्याच्याबद्दल जास्त लिहीत नाही. लिहिता येत नाही.

पोरगा म्हणाला, "तात्या, आता इथं कोण आहे? पुण्याला चला." मी म्हणालो, मी हे घर सोडणार नाही. तो चिडला, मी चिडलो. सूनबाई मध्ये पडली. तिनं अट घातली. "दिवाळीपर्यंत बघू. तात्यांनी रोज दुपारी नीट जेवायचं. एक वाजता मी फोन करीन, ताट दाखवायचं. नाही जमलं तर गाडी घेऊन येतो, मग कुरकुर करायची नाही." मी कबूल झालो. मला वाटलं, दुपारचं जेवण म्हणजे काय असतंय?

पहिल्या दिवशी मी ताट दाखवलं. भाकर, ठेचा, शेंगदाणे. सूनबाई म्हणाली, "तात्या, ह्याला जेवण म्हणत नाहीत. कच्चं काही?" दुसऱ्या दिवशी मी ताटात काकडी ठेवली. तिसऱ्या दिवशीही ठेवली. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "तात्या, ही काकडी परवाचीच आहे ना?"

"न्हाई, दुसरी हाय."

"तिच्या शेंड्याला तोच डाग आहे."

मी फोन ठेवून दिला. मग ती काकडी खाल्ली. सुकून वातड झाली होती.

भाजी जमायला लागली तसं भाकरीचं दुखणं कळलं. भाकरी मीच थापत होतो, आधी जाड, मग जरा बऱ्या. पण चव येईना. कारभारणीच्या भाकरीला खमंग, जरा गोडसर चव असायची, आणि खाल्ली की संध्याकाळपर्यंत भूक लागायची नाही. माझी भाकर खाल्ली की चार वाजता पुन्हा पोटात खड्डा. जवारी तीच, तवा तोच, पाणी तेच. राहिलं एकच, पीठ. मी तडक गिरणीत गेलो. गिरणीवाला शेखभाई माझ्याच वयाचा. पाच-सहा बाया डबे घेऊन उभ्या होत्या.

"शेखभाई, तुमचा दगड बिघडला. भाकरीला चव न्हाई."

"तात्या, दगडाला परवाच टाकी लावून खाचा पाडल्या. जवारी बघा तुमची."

"जवारी माझ्या रानातली हाय!"

"मंग हात बघा. थापतो कोण?"

बाया खुदकन हसल्या. मी लई बोललो मग, नको ते बोललो. शेखभाईनं पट्टा बंद केला. माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "तात्या, भाबीच्या डब्यात नुसती जवारी कधीच न्हाई राह्यची. तुम्ही नुसती आणून राह्यले."

"मंग काय राह्यचं?"

"सोयाबीन. डब्याला दोन मुठी. बराबर दोन." माझं तोंड बघून तो घाबरलाच. "तुम्हाला मालूम न्हाई?"

मी डबा तिथंच ठेवून घरी आलो. भिंतीवर तिचा फोटो आहे. त्याच्यासमोर उभा राहून वाट्टेल ते बोललो. अकरा वर्षं मला फसवलं? मी ढोराचं म्हणालो तेच मला चारलं? मग आठवलं की त्याच अकरा वर्षांत मी बैलामागं चाललो. मग राग कशाचा करायचा तेच कळेना. पाराची पण आठवण झाली. ते लोक हसायचे, ते का हसायचे? म्हणजे सगळ्या गावाला माहीत होतं?

दुसऱ्या दिवशी पोत्यातून दोन मुठी सोयाबीन काढलं, जवारीत टाकलं, दळून आणलं. भाकर थापली. तोंडात घातली तर कडवट, कच्च्या शेंगेसारखा उग्र वास. तरी हट्टानं दोन खाल्ल्या. दोन दिवस पोट धरून घरी-परसात चाललं होतं. सूनबाईला फोनवर सांगितलं, ताट दाखवण्याएवढी रेंज नाही.

तिसऱ्या दिवशी शेखभाईची बायको, शमीमभाबी, खिचडी घेऊन आली. मी कडू भाकरीचं सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला.

"कच्चं दळलं? या अल्ला! तात्या, ते भाजावं लागतं. खरपूस भाजायचं, टरफल चोळून काढायचं, मंग जवारीत."

"खोटं बोलू नका भाबी. घरात सोयाबीन भाजलं असतं तर मला वास आला नसता का?"

"घरात कशाला भाजंल ती? माझ्या चुलीवर भाजायची. तुम्ही जाफराबादच्या बाजाराला निघाले की ही आलीच पदरात बांधून. म्हणायची, आमच्या ह्यांचं नाक लई तिखट हाय."

"मंग मला सांगितलं का न्हाई?"

शमीमभाबीनं खिचडीची वाटी माझ्यापुढं सरकवली. "तुम्ही कधी इचारलं?"

मी तिला हेच सांगणार होतो की मी तर रोज विचारायचो. ताट आलं की पहिलं तेच विचारायचो. पण तेवढ्यात लक्षात आलं. मी खायच्या आधी विचारायचो. कारभारीण म्हणायची, मंग इचारा. ते मंग कधी आलंच नाही. मी हात धुऊन पारावर गेलेलो असायचो.

त्या आठवड्यात मी आमच्याच चुलीवर सोयाबीन भाजलं. दारं-खिडक्या उघड्या ठेवून. वास गल्लीत गेला, जाऊ दिला.

दिवाळीला पोरगा गाडी घेऊन आला. उतरल्या उतरल्या म्हणाला, "तात्या, कपडे भरून ठेवा." मी म्हणालो, "आधी जेवा." मटकीची उसळ केली होती, मेथीचं पिठलं, कांदा-मुळा चिरून, कारळाची चटणी, ताक. पोरगा जेवायला बसला आणि हाक मारली, "तात्या, भाकर!" मी म्हणालो, "येऊन राह्यली. तवर ते खा." मी डाव खेळत नव्हतो, माझा हात खरंच मंद आहे. पण भाकर येईपर्यंत त्यानं उसळीची वाटी आणि मुळा संपवला. मग माझं मलाच कळेना. तिचा हातही खराच मंद होता की काय? मी उगाच तिला एवढं हुशार समजून बसलो आहे का? पण मग त्या पंचवीस भाकरी?

पोरगा पोटभर जेवला. उठला, हात धुतला, मोबाइल घेऊन अंगणात गेला. एका शब्दानं काही विचारलं नाही. माझाच पोरगा.

सूनबाई मात्र भाकरीचा तुकडा हातात धरून बसली होती. वास घेतला, उजेडाकडं धरून बघितलं. "तात्या, ह्याच्यात काय आहे?"

"आधी खा, मंग इचार."

तिनं भाकर खाल्ली. दुसरी मागून घेतली, ती पण खाल्ली. ताक प्याली. ताट पुसून घेतलं आणि तशीच बसून राहिली, उष्ट्या हातानं. माझ्याकडं बघून म्हणाली, "खाल्लं. आता सांगा."

एवढ्या वर्षांत ह्या चुलीपुढं जेवण झाल्यावर कुणी असं थांबलेलं मी बघितलं नाही. मी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग सांगितलं सगळं. वडे, गिरणी, शमीमभाबीची चूल. तिचा हात वाळून गेला तरी ती ऐकत होती. मग उठली आणि दारातूनच पोराला म्हणाली, "अहो, तात्यांची पिशवी गाडीत ठेवू नका." मला म्हणाली, "एक वाजता फोन उचलायचा मात्र. आणि काकडी चिरून दाखवायची."

गाडी गेली. तिच्यातून माझ्या जागी पाच किलो पीठ गेलं, मी राहिलो.

सूनबाईला सगळं सांगितलं म्हणालो, पण ते मला माहीत झालं तेवढंच. वरणात ती काय टाकायची, चटणीत काय कुटायची, कुणाच्या घरी काय भाजायची, ह्याचा मला पत्ता नाही. अजून किती गोष्टी खाऊन बसलो आहे कोण जाणे. आता रोज एक वाजता जेवतो. जेवण झालं की लगेच उठत नाही, पारावर जात नाही. उष्ट्या हातानं थोडा वेळ चुलीकडं बघत बसतो. विचारायचं असतं.